वकीलताईंना विचारा : जजसाहेबांनाही मतं मागावी लागतात होय!

मागच्या अंकात मी बोलता बोलता एक वाक्य लिहून गेले, की आमच्या इथे, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये, राज्याच्या सुप्रीम कोर्टाचे जज लोक मतं देऊन निवडतात. झालं, मेलबॉक्स भरला. काहींना वाटलं मी चेष्टा करतेय, एका आजोबांनी तर "हे म्हणजे पेपर तपासणाऱ्याला मुलांनीच निवडायचं" असं लिहून खाली तीन उद्गारचिन्हं टाकली. म्हणून या वेळी व्हिसा, मृत्युपत्र, घरमालकाची कटकट सगळं बाजूला, फक्त जज. नवीन वाचकांसाठी सांगते, मी मूळची कोल्हापूरची, तिथल्या जिल्हा कोर्टात सहा वर्षं वकिली केली, मग लग्न होऊन मॅडिसनला आले, इथे कायदा परत पहिल्यापासून शिकले आणि गेली बरीच वर्षं एका छोट्या ऑफिसात काम करतेय. दोन्हीकडची कोर्टं पाहिलीत, दोन्हीकडच्या तारखाही पाहिल्यात.

प्रश्न : ताई, २०२५ च्या मार्चमध्ये आमच्याकडे टीव्ही लावला की जज, यूट्यूब लावलं की जज, पोस्टाच्या पेटीत रोज चारपाच गुळगुळीत कागद ते पण जजचेच. सासूबाई नागपूरहून आल्या होत्या, त्यांनी एक फोटो बघून विचारलं, हा माणूस फरार आहे का गं? हे नेमकं काय चाललं होतं?
(एक वाचक, ब्रुकफिल्ड, विस्कॉन्सिन)

उत्तर : सासूबाईंचं काही चुकलं नाही हो. त्या जाहिराती तशाच असतात, काळापांढरा फोटो, मागे धडामधुडूम म्युझिक आणि "या जजनं अमक्या गुन्हेगाराला सोडलं". दोन्ही बाजू हेच करतात, त्यामुळे महिनाभर टीव्ही बघितला की वाटतं राज्यात दोनच गुन्हेगार आहेत आणि दोघंही निवडणुकीला उभे आहेत.

आधी बेसिक सांगते. अमेरिकेत प्रत्येक राज्याचं स्वतःचं सगळ्यात वरचं कोर्ट असतं. आपल्या हायकोर्टाच्या जागी आहे असं समजा, पण एक मोठा फरक आहे, मुंबई हायकोर्टाच्या निकालावर दिल्लीला जाता येतं, इथे राज्याचा कायदा आणि राज्याची घटना काय म्हणते यावर राज्याच्या सुप्रीम कोर्टाचा शब्द शेवटचा, देशाच्या घटनेचा किंवा फेडरल म्हणजे देशाच्या कायद्याचा मुद्दा निघाला तरच वॉशिंग्टनचं, म्हणजे देशाचं, सुप्रीम कोर्ट त्यात हात घालतं. (हो, राज्यांना वेगळी घटना असते, विस्कॉन्सिनची १८४८ ची आहे.) आता खून, घटस्फोट, जमीन, शाळा, मतदारसंघ कसे कापायचे, गर्भपाताचा कायदा, हे बहुतेक सगळं राज्याकडे येतं. मग त्या खुर्च्यांना भाव येणारच ना.

आमच्याकडे सात खुर्च्या. दहा वर्षांची टर्म, आणि एका वर्षात एकाच खुर्चीची निवडणूक, एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी. मतपत्रिकेवर पक्षाचं नाव नसतं, नुसतं उमेदवाराचं नाव. प्रत्यक्षात शेंबड्या पोरालाही माहीत असतं कोण कुणाचं. २०२५ ला जुन्या जज अॅन वॉल्श ब्रॅडली तीस वर्षांनी निवृत्त होत होत्या, कोर्ट उदारमतवादी ४ विरुद्ध पुराणमतवादी ३ असं विभागलेलं, म्हणजे ही एक जागा गेली की सगळं पारडं फिरणार. एका बाजूला डेन काउंटीच्या (काउंटी म्हणजे आपला जिल्हा समजा) जज सुझन क्रॉफर्ड, दुसऱ्या बाजूला वॉकेशा काउंटीचे जज ब्रॅड शिमेल, जे आधी राज्याचे अॅटर्नी जनरल, म्हणजे सरकारचे मुख्य वकील होते. दोन्हीकडचा मिळून खर्च दहा कोटी डॉलरच्या घरात गेला, अमेरिकेत जजच्या निवडणुकीला इतका पैसा कधी लागला नव्हता. इलॉन मस्क आणि त्याच्या संस्थांनी शिमेलसाठी दोन कोटींच्या वर ओतले, मस्क स्वतः ग्रीन बेला येऊन स्टेजवर दोन मतदारांना दहा-दहा लाख डॉलरचे चेक देऊन गेला. तरी क्रॉफर्ड दहा टक्क्यांनी निवडून आल्या. चेक वाटले त्याची चर्चा आमच्या भिशीत दोन महिने पुरली.

आणि हो, मत फक्त नागरिकांना. ग्रीन कार्डवाल्यांनी उत्साहात जाऊन नाव नोंदवू नका, पुढे नागरिकत्वाच्या फॉर्मवर ते भोवतं.

प्रश्न : मी पुण्यात लॉच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्याकडे जेएमएफसीच्या (खालच्या कोर्टातल्या जजच्या) परीक्षेचं टेन्शन, त्यात आता तीन वर्षं वकिलीची अट परत आली. तिकडे राज्याच्या सुप्रीम कोर्टाचा जज व्हायला कुठली परीक्षा असते? करिअर कसं बनवतात?
(एक विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : परीक्षा नाही बाळा. एकही नाही. विस्कॉन्सिनची अट एवढीच की राज्यात पाच वर्षं वकिलीचा परवाना हवा. आणि आमच्या राज्यात तर विस्कॉन्सिन युनिव्हर्सिटी किंवा मार्केट (Marquette) युनिव्हर्सिटीतून लॉ केलं तर वकील व्हायला बार एक्झामसुद्धा द्यावी लागत नाही, डिग्री हातात आणि सनद हातात. म्हणजे थिअरीत एखादी मुलगी आयुष्यात कुठलीच स्पर्धा परीक्षा न देता राज्याच्या सगळ्यात वरच्या कोर्टात बसू शकते. आता खुश होऊ नकोस, परीक्षा नसते म्हणजे सोपं असतं असं नाही, उलट अभ्यासक्रम कुठेच छापलेला नसतो ही खरी पंचाईत.

नेहमीचा रस्ता म्हणजे आधी सरकारी वकील, मग काउंटीच्या सर्किट कोर्टात जज (ती पण निवडणूकच, सहा वर्षांची), मग जमलं तर अपील कोर्ट, मग सुप्रीम. २०२३ ला निवडून आलेल्या जॅनेट प्रोटासिविच अशाच, मिलवॉकीत पंचवीसेक वर्षं सरकारी वकील, मग तिथेच जज, मग वर. पण तुला मी या चाकोरीतली गोष्ट सांगणार नाही, शर्ली अॅब्रहमसन यांची सांगते, कारण जज होण्याचे आणि जज राहण्याचे जितके म्हणून प्रकार आहेत ते सगळे या एका बाईंच्या वाट्याला आले.

जन्म १९३३, न्यूयॉर्क, आईवडील पोलंडहून आलेले ज्यू. बाई इंडियाना युनिव्हर्सिटीत लॉला गेल्या, १९५६ ला वर्गात पहिल्या आल्या आणि वर्गात मुलगी एकच, त्या. आता आपल्याकडे पहिला आला की निदान पेढे वाटतात. त्यांना डीननं काय सांगितलं, तर एखाद्या लॉ फर्ममध्ये लायब्ररियनची नोकरी बघता येईल. वकिलाची नाही, लायब्ररियनची! नवरा जेनेटिक्सचा संशोधक, त्याला मॅडिसनला युनिव्हर्सिटीत काम मिळालं म्हणून त्या मॅडिसनला आल्या (हे वाक्य लिहिताना मला हसू आलं, आमच्या मंडळातल्या निम्म्या बायकांची हीच स्टोरी), इथे कायद्यातली डॉक्टरेट केली, एका फर्ममध्ये पहिली बाई वकील म्हणून लागल्या, जोडीला लॉ स्कूलमध्ये शिकवायच्या. जज म्हणून एक दिवसाचाही अनुभव नाही.

आणि मग १९७६ ला एक जागा मध्येच रिकामी झाली. अशी मध्येच रिकामी झाली की ती गव्हर्नर (इथला गव्हर्नर म्हणजे आपल्या मुख्यमंत्र्यासारखा, लोकांनी निवडलेला) भरतो, हा मागचा दरवाजा लक्षात ठेव, चांगले चांगले त्यातून येतात. गव्हर्नर पॅट्रिक लुसी यांनी अॅब्रहमसन यांना नेमलं, वय बेचाळीस, विस्कॉन्सिनच्या सुप्रीम कोर्टातली पहिली बाई. पण नेमलं म्हणजे संपलं नाही, पुढे लोकांसमोर जावंच लागतं. १९७९ ला निवडून आल्या, मग १९८९, १९९९, २००९. चार निवडणुका, एकही हरल्या नाहीत. १९९९ ची तर कमाल, त्यांच्याच कोर्टातल्या सहापैकी चार सहकाऱ्यांनी विरोधी उमेदवाराला उघड पाठिंबा दिला. विचार कर, सकाळी ज्यांच्या मांडीला मांडी लावून केस ऐकायची तेच संध्याकाळी तुला पाडायला निघालेत. आपल्याकडे सोसायटीच्या निवडणुकीतसुद्धा लोक एवढं तोंडावर करत नाहीत. बाई आरामात जिंकल्या आणि सोमवारी परत त्यांच्याच मध्ये जाऊन बसल्या.

एकूण त्रेचाळीस वर्षं. विस्कॉन्सिनमध्ये कुणीच एवढं टिकलं नाही. १९९३ ला वॉशिंग्टनच्या सुप्रीम कोर्टासाठी क्लिंटन यांच्या यादीत त्यांचं नाव होतं, ती जागा रूथ बेडर गिन्सबर्ग यांना मिळाली.

अजून एक सांगायचं राहिलं. त्या नेमल्या गेल्या त्याच्या बरोबर शंभर वर्षं आधी याच कोर्टापुढे जेन्सव्हिल गावच्या लाव्हिनिया गुडेल या बाईचा अर्ज आला होता, मला इथे वकिली करू द्या म्हणून. खालच्या कोर्टात ती वकिली करतच होती. चीफ जस्टिस एडवर्ड रायन यांनी लांबलचक निकाल लिहून सांगितलं की बायकांचा स्वभावधर्म वेगळा, कोर्टातल्या घाणेरड्या गोष्टी त्यांच्या कानावर पडू नयेत. गुडेलबाईंनी काय केलं, विधिमंडळात जाऊन कायदाच बदलून आणला आणि १८७९ ला त्याच कोर्टात वकील म्हणून उभ्या राहिल्या. पुढच्याच वर्षी वारल्या बिचाऱ्या. आज त्या कोर्टात सातपैकी सहा बायका आहेत, एकच पुरुष. आपल्या मुंबई हायकोर्टातल्या पहिल्या महिला जज सुजाता मनोहर १९७८ च्या, म्हणजे अॅब्रहमसनबाईंच्या दोनच वर्षं मागे. त्या पुढे मुंबईच्या चीफ जस्टिस झाल्या आणि दिल्लीलाही गेल्या. दोन्ही देशांत काळ साधारण एकच, फक्त एकीला मतं मागत फिरावं लागलं आणि दुसरीला नाही.

प्रश्न : मुलगा न्यूयॉर्कला असतो. त्याच्या घटस्फोटाचे कागद आले त्यावर "सुप्रीम कोर्ट ऑफ द स्टेट ऑफ न्यूयॉर्क" लिहिलंय. एकदम सुप्रीम कोर्टात केस? यांच्या हातून सकाळी चहाचा कप पडला. खूप गंभीर आहे का?
(एक आई, ठाणे)

उत्तर : काकू, काकांना सांगा दुसरा चहा टाकतेय. न्यूयॉर्कमध्ये सगळं उलटं आहे, तिथे "सुप्रीम कोर्ट" म्हणजे खालचं कोर्ट जिथे केस सुरू होते, आणि घटस्फोट तिथेच होतात, सगळ्यांचेच. त्यांचं खरंखुरं सगळ्यात वरचं कोर्ट ऑल्बनीला, त्याचं नाव "कोर्ट ऑफ अपील्स". हे ऐकून अमेरिकन लोकसुद्धा गोंधळतात. मेरीलँडचंही असंच होतं, त्यांनी २०२२ मध्ये कंटाळून नाव बदलून घेतलं. टेक्सासमध्ये तर वरची कोर्टं दोन, एक सिव्हिलला एक क्रिमिनलला. घटस्फोटाचं काय ते मुलाच्या वकिलाला विचारा, कोर्टाच्या नावाला घाबरू नका.

प्रश्न : आपल्याकडे रामशास्त्री प्रभुणे होऊन गेले. राघोबादादासमोर उभं राहून देहान्त प्रायश्चित्त सांगितलं आणि पद सोडून वाईजवळ गावी निघून गेले. जो जज दर दहा वर्षांनी लोकांपुढे झोळी घेऊन उभा राहतो तो कधी रामशास्त्री होईल का? मला तर हा शुद्ध बाजार वाटतो.
(एक निवृत्त शिक्षक, सातारा)

उत्तर : सर, झोंबेल असं लिहिलंत, आणि निम्मं पटतंय.

कॅलिफोर्नियाचं उदाहरण देते. तिथे पद्धत वेगळी, गव्हर्नर नेमतो, मग ठरावीक काळानं लोकांना विचारतात, यांना ठेवायचं की नाही? समोर दुसरा उमेदवार नाही, फक्त हो किंवा नाही. १९७७ ला गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी रोझ बर्ड यांना थेट चीफ जस्टिस केलं, तिथल्याही पहिल्या महिला, आणि याही आधी कधी जज नव्हत्या. त्याआधी त्या शेती खात्याच्या सचिव होत्या, शेतमजुरांना युनियन करायचा हक्क देणारा कायदा आणण्यात त्यांचा हात होता, त्यामुळे बडे बागायतदार पहिल्या दिवसापासून खार खाऊन. मग फाशीची अपिलं यायला लागली. बर्डबाईंनी एकाही फाशीला दुजोरा दिला नाही, दरवेळी खटल्यात त्यांना कायद्याची चूक दिसली. १९८६ च्या नोव्हेंबरात लोकांनी त्यांना घरी पाठवलं, दोनतृतीयांश मतं "नाही". त्यांच्याबरोबर क्रूझ रेनोसो आणि जोसेफ ग्रोडिन हे दोन जजही गेले. नंतर म्हणे त्या एका गरिबांच्या कायदा केंद्रात फुकट काम करायला गेल्या, तिथल्या लोकांनी ओळखलंच नाही आणि त्यांना झेरॉक्स काढायला बसवलं. त्यांनी मुकाट काढल्या. सर, तुमच्या वाईच्या गोष्टीच्या जवळ जाणारं मला हेच सापडलं.

आयोवाचं बघा. २००९ ला तिथल्या कोर्टानं सातही जजनी एकमतानं समलिंगी लग्नांना मान्यता दिली. २०१० ला तिघांची मतदानाची पाळी होती, चीफ जस्टिस मार्शा टर्नस, डेव्हिड बेकर, मायकल स्ट्राइट. तिघंही गेले. त्यांनी प्रचारच केला नाही, पैसे गोळा केले नाहीत, म्हणाले जजनं राजकारण्यासारखं वागायचं नाही. निकाल मात्र राहिला, तो कुणी बदलू शकलं नाही.

आणि तुम्ही बाजार म्हणालात त्याचं सगळ्यात वाईट उदाहरण वेस्ट व्हर्जिनिया. कोळशाच्या मोठ्या कंपनीविरुद्ध पाच कोटी डॉलरचा निकाल लागलेला, अपील राज्याच्या सुप्रीम कोर्टात जाणार, तेवढ्यात कंपनीचा प्रमुख डॉन ब्लँकनशिप याने एका उमेदवारासाठी तीस लाख डॉलर खर्च केले. उमेदवार ब्रेंट बेंजामिन निवडून आले, केसला बसले आणि कंपनीच्या बाजूनं मत दिलं. ३ विरुद्ध २ नं निकाल फिरला. २००९ मध्ये वॉशिंग्टनच्या कोर्टानं सांगितलं की असं चालणार नाही, यांनी बाजूला व्हायला हवं होतं. पण तिथेही ५ विरुद्ध ४! म्हणजे नऊपैकी चौघांना यात अडवण्यासारखं काही वाटलं नाही.

तर निम्मं पटतंय ते हे. आता न पटलेलं निम्मं सांगते. सर, १९७६ आठवतंय ना, आणीबाणी? ज्या वर्षी अॅब्रहमसनबाई नेमल्या गेल्या त्याच वर्षी दिल्लीत पाच जज बसले होते, प्रश्न होता सरकारनं कुणाला बिनाकारण आत टाकलं तर त्याला कोर्टात दाद मागता येईल का. चौघं म्हणाले नाही. त्या चौघांत आपले पुण्याचे यशवंतराव चंद्रचूडही होते. एकटे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना म्हणाले येईल. पुढच्या जानेवारीत सिनियॉरिटीनं तेच चीफ जस्टिस व्हायचे, त्यांना डावलून दुसऱ्याला केलं आणि खन्नांनी राजीनामा दिला. तिथे कुठे मतदार होता? कुठे जाहिरात होती? कोण किती खर्च करतंय हे निदान इथे पेपरात छापून येतं, आपल्याकडे एखाद्या जजची बदली का झाली हे वकिलांच्या कँटीनमध्ये कुजबुजतच कळतं. मी दोन्ही कँटीनमध्ये चहा प्यायलाय म्हणून बोलतेय. ऱ्होड आयलंडसारखं राज्य आहे जिथे नेमलेला जज हयातभर बसतो, मॅसॅच्युसेट्समध्ये सत्तरीपर्यंत, मला विचाराल तर मी मॅसॅच्युसेट्सच्या बाजूची आहे. पण मग चुकीचा माणूस नेमला की तोही सत्तरीपर्यंतच, हेही खरं.

प्रश्न : हे जज लोक रोज नक्की करतात काय? आणि आम्ही बघायला गेलो तर आत सोडतात का? मुलांना सुट्टीत कुठे न्यायचं हा प्रश्न आहेच.
(एक गृहिणी, शिकागोजवळून)

उत्तर : सोडतात, फुकट सोडतात, आणि जरूर या, तुमच्याकडून अडीच-तीन तासांचा ड्राइव्ह. कोर्ट मॅडिसनच्या कॅपिटॉलमध्येच आहे, त्या मोठ्या पांढऱ्या घुमटाच्या पूर्वेकडच्या भागात. शनिवारी याल तर बाहेर चौकाभोवती शेतकऱ्यांचा बाजार असतो, पण शनिवारी कोर्ट बसत नाही, तेव्हा काय ते ठरवा. सुनावण्या सप्टेंबरपासून सुरू होतात आणि जूनपर्यंत निकाल संपवतात, उन्हाळ्यात खुर्च्या रिकाम्या.

आत गेलात की आधी मुलांना भिंती दाखवा. चार भिंतींवर चार मोठी चित्रं, अल्बर्ट हर्टरची. एकात रोमचा बादशहा ऑगस्टस आणि त्याच्याकडे न्याय मागणारा शिपाई, एकात इंग्लंडचा जॉन राजा मॅग्ना कार्टावर, म्हणजे राजाच्या अधिकारांना लगाम घालणाऱ्या सनदेवर, शिक्का मारताना, एकात अमेरिकेची घटना. चौथं माझं आवडतं, ओशकॉश सरदाराचा खटला. मेनॉमिनी या इथल्या मूळ रहिवासी जमातीचा हा सरदार, १८३० ला त्याच्यावर खुनाचा आरोप, मारलेला माणूस दुसऱ्या जमातीचा आणि त्याच्या हातून आधी एक मेनॉमिनी मेला होता, जमातीच्या रिवाजानं बदला घेणं बरोबर. जज डोटीनं सांगितलं की यांच्या आपसातल्या गोष्टीला आमचा कायदा लागू नाही, आणि त्याला सोडलं. आता एवढं चित्र रंगवलंय आणि त्या लोकांच्या जमिनीचं पुढे काय झालं ते कुठल्याच भिंतीवर नाही, हे मी दरवेळी पाहुण्यांना सांगते आणि नवरा म्हणतो चल आता पार्किंग संपेल.

कामाचं म्हणाल तर निम्म्याहून जास्त काम "नाही" म्हणण्याचं. लोक अर्ज करतात आमची केस ऐका, सातपैकी तिघं हो म्हणाले तर घेतात. घेतलेल्या केसमध्ये वकील बोलायला उभे राहतात आणि जज मध्येमध्ये तोडतात, एवढं तोडतात की वकिलाचं पाठ केलेलं भाषण तिसऱ्या वाक्यालाच संपतं. आपल्याकडे सीनियर कौन्सिल तीन-तीन दिवस बोलतो ते इथे कुणाला सांगितलं तर विश्वास ठेवत नाहीत. मग सात जण आत जाऊन दार लावून बसतात, चर्चा, कच्चं मतदान. आणि निकाल कुणी लिहायचा? हे मला फार आवडतं, बहुमतवाल्यांत नंबर काढतात, अक्षरशः चिठ्ठ्या टाकल्यासारखं. म्हणजे चीफ जस्टिसला आपल्या लाडक्याला महत्त्वाची केस देता येत नाही. वॉशिंग्टनला असं नाही, तिथे चीफ बहुमतात असला तर तोच ठरवतो.

आणि अॅब्रहमसनबाईंच्या काळात, १९९३ पासून, कोर्ट गाडीत बसून गावोगाव जायला लागलं, "जस्टिस ऑन व्हील्स" म्हणतात. वर्षातून एखादवेळी मॅडिसन सोडून दुसऱ्या कुठल्या काउंटीच्या कोर्टात जाऊन खऱ्या केस ऐकायच्या, शाळेची पोरं बघायला. मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा डोळ्यात पाणी आलं, खोटं नाही सांगत. आम्ही कोल्हापूरचे वकील मुंबईहून फक्त एक खंडपीठ मागत किती वर्षं बसलो, धरणं, उपोषणं, कोर्टावर बहिष्कार, माझा पहिला मोर्चा त्यासाठीचाच. पक्षकार रात्रभर एसटीत बसून मुंबईला जायचे आणि तारीख घेऊन परत. शेवटी २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्किट बेंच आलं कोल्हापूरला, तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई उद्घाटनाला. माझ्या जुन्या सीनियरनी व्हॉट्सअॅपवर पेढ्याचा फोटो टाकला, खाली एकच शब्द, "आलं."

प्रश्न : मी हायकोर्टात नोकरीला होतो, निवृत्त झालो. आमच्याकडे सीनियर तो चीफ असा साधारण रिवाज. तिकडे चीफ जस्टिस कोण करतं, ती पण निवडणूक का?
(एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : दादा, राज्याराज्यात वेगळं आहे, कुठे गव्हर्नर नेमतो, कुठे लोक निवडतात, कुठे जज आपसात ठरवतात. विस्कॉन्सिनमध्ये मात्र १८८९ पासून तुमच्यासारखाच रिवाज होता, नुसता रिवाज नाही, घटनेतच लिहिलेलं, सगळ्यात जास्त काळ बसलेला तो चीफ. त्यामुळे अॅब्रहमसनबाई १९९६ ला चीफ झाल्या आणि त्या काही लवकर जाणाऱ्यातल्या नव्हत्या. मधल्या काळात कोर्टाचा रंग बदलला, बाकीच्यांत बहुमत दुसऱ्या विचाराचं झालं, पण मधली खुर्ची यांचीच. मग विरोधकांनी सरळ घटनादुरुस्ती आणली, की यापुढे चीफ कोण ते सात जज मतानं ठरवतील. २०१५ च्या एप्रिलमध्ये ती लोकांपुढे आली आणि ५३ टक्क्यांनी पास झाली. बाईंनी दुसऱ्याच दिवशी फेडरल कोर्टात दावा टाकला, की लोकांनी मला २००९ ला निवडलं तेव्हा दहा वर्षं चीफ राहणार म्हणूनच निवडलं, मध्येच कसं काढता. वय एक्क्याऐंशी तेव्हा.

पण मतदानाच्या निकालाची अधिकृत नोंद झाली त्याच दिवशी, २९ एप्रिलला, चार जजनी ईमेलवर मतं देऊन पेशन्स रॉगेनसॅक यांना चीफ करून टाकलं. मीटिंग नाही, काही नाही, ईमेल. दावाही जुलैमध्ये फेटाळला गेला. एवढं झाल्यावर दुसरं कुणी घरी गेलं असतं. या गेल्या नाहीत, मधली खुर्ची सोडून बाजूच्या खुर्चीत बसल्या आणि अजून चार वर्षं बसल्या, बहुतेक वेळा विरुद्ध मत लिहीत. २०१८ ला कॅन्सर आहे म्हणून सांगितलं, परत उभ्या राहिल्या नाहीत, २०१९ च्या जुलैअखेर टर्म संपवून मगच उठल्या. २०२० च्या डिसेंबरात कॅलिफोर्नियात मुलाकडे वारल्या.

दादा, तुमच्या हायकोर्टातल्या आठवणी पाठवाल का, विशेषतः जुन्या रेकॉर्ड रूमच्या? पुढच्या अंकात परत मृत्युपत्रं घेतेय, ज्यांनी भारतातल्या फ्लॅटबद्दल विचारलंय त्यांनी सात-बारा की प्रॉपर्टी कार्ड तेवढं कळवा.